ताटापुरता हट्ट

दानीएलाची गोष्ट सांगायला घेतली की सगळ्यांना थेट सिंहांच्या गुहेत जायचं असतं. नाहीतर सातपट तापवलेल्या भट्टीकडे. आमच्या शब्बाथशाळेतली पोरंही तेच मागतात, "बाई, सिंहाची सांगा." सिंह त्यांच्या हक्काचा आहे, सांगतेच. पण मला या पुस्तकाचा पहिला अध्याय जास्त मोलाचा वाटतो. त्यात सिंह नाही, भट्टी नाही, स्वप्नांचे अर्थ नाहीत. त्यात आहे एक जेवणाचं ताट.

ज्यांच्या घरात बायबल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इसवी सनापूर्वी ६०५ च्या सुमाराला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेमवर चालून गेला, अशी या पुस्तकाची सुरुवात आहे. लुटीत मंदिरातली भांडी आली आणि पोरंही आली. राजघराण्यातली, सरदारांची, देखणी आणि हुशार पोरं निवडून काढायची, त्यांना खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकवायची, तीन वर्षं राजाच्या मुदपाकखान्यातलं अन्न आणि राजाचाच द्राक्षारस द्यायचा आणि मग दरबारात उभं करायचं, असा हुकूम अश्पनज नावाच्या अधिकाऱ्याला झाला. याला छळ म्हणता येत नाही. ही सरकारी खर्चानं चाललेली निवासी शाळाच होती. जिंकलेल्या मुलखात उद्या जो डोकं वर काढेल त्याला आजच आपल्या पंक्तीला बसवायचं, हे राज्यकर्त्यांचं जुनं शहाणपण.

त्यात यहूदाचे चार जण होते. दानीएल, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या. पहिल्याच फटक्यात त्यांची नावं गेली. जुन्या नावांत त्यांच्या देवाचं नाव होतं. त्याऐवजी बेल्टशस्सर, शद्रख, मेशख, अबेद्नगो अशी बाबेलच्या वळणाची नावं आली. नाव बदललं, चौघं गप्प. परक्यांची भाषा शिकायला बसवलं, शिकले. पुढे परक्या राजाची चाकरीही केली आणि ती चोख केली. अडले कुठे, तर जेवणापाशी. राजाच्या ताटातलं खाऊन आम्ही विटाळून घेणार नाही, म्हणाले. अश्पनज घाबरला. तुमची तोंडं इतर पोरांपेक्षा सुकलेली राजाला दिसली तर माझं डोकं जाईल, ही त्याची अडचण. दानीएलानं त्याच्याशी वाद घातला नाही. खालच्या कारभाऱ्याला गाठलं आणि दहा दिवसांची मुदत मागितली. नुसता भाजीपाला आणि पाणी द्या, मग आमची तोंडं बघा. दहा दिवसांनी या चौघांचीच तोंडं जास्त तुकतुकीत निघाली आणि ताटाचा प्रश्न मिटला.

मी गंगापूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला, रविवारी चर्चमध्ये शास्त्रभाग शिकवला. डोक्यात या दोन्ही गोष्टींचे कप्पे वेगळे. ते एकमेकांत सरकले ते सर जदुनाथ सरकार वाचताना. औरंगजेबाच्या छावणीतल्या अखबारांतून, म्हणजे दरबारी रोजनामच्यातून, त्यांनी इ.स. १७०० ची एक नोंद दिली आहे. हमीदुद्दीन खान पातशहाला कळवतो, की राजा शाहू शिजवलेलं अन्न खात नाही. मिठाई, फळं, पक्वान्नं एवढ्यावर राहतो. कारण काय, तर कैदेत असलेला हिंदू शिजलेलं अन्न खात नाही. शाहू तेव्हा १८ वर्षांचे. मी ते पान दोनदा वाचलं. अश्पनजाच्या जागी हमीदुद्दीन होता, बाबेलच्या जागी आपलीच भीमा-कृष्णेकडची माती, बाकी प्रसंग तोच.

संभाजीराजांचा हा मुलगा १८ मे १६८२ रोजी माणगावाजवळच्या गांगवलीत जन्मला. नाव ठेवलं शिवाजी. १६८९ च्या मार्चमध्ये वडिलांची हत्या झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात झुल्फिकारखानानं रायगड घेतला आणि सात वर्षांचा हा पोर आई येसूबाईंसह मोगली छावणीत दाखल झाला. औरंगजेबानं त्याला सात हजारी मनसब दिली, 'राजा' किताब दिला, आणि त्याचा तंबू आपल्या निवासाच्या गुलालबारात, म्हणजे लाल कनातींच्या आवारात लावून घेतला. नावाचंही तेच झालं. शिवाजी हे नाव पातशहाच्या जिभेवर कसं रुळणार? 'शाहू' हे नाव त्यानंच दिलं अशी परंपरा आहे. गंमत अशी की साताऱ्याच्या गादीवर बसल्यावरही त्यांनी ते टाकलं नाही. आपण आजही त्यांना त्याच नावानं ओळखतो.

छावणी म्हणजे काही तंबूंची ओळ नव्हे. ते चालतं शहर होतं. बाजार, टांकसाळ, कारखाने, कचेऱ्या, हत्ती, उंट, बायका-मुलं, सगळं बरोबर. भीमेकाठी ब्रह्मपुरीला तर काही वर्षं तळच पडला होता. अशा शहरात एक मराठा पोर मोठा होत होता. भोवती फारसी, तुर्की, दखनी बोली. पातशहाची मुलगी झीनतुन्निसा त्या मायलेकांवर मायेची पाखर घालणारी; पुढे शाहूंनी तिची आठवण कायम आदरानं काढली. पातशहानंच त्यांची लग्नं लावून दिली. ज्याच्या हुकमानं बाप गेला त्याच्याच घरात पोटभर खायला-ल्यायला मिळतंय, आणि त्याची मुलगी आपल्याशी मायेनं वागतेय. अशा मुलानं राग धरायचा तरी कोणावर? माझ्या मते क्रौर्याला तोंड देणं एकवेळ सोपं, प्रेमळ कोंडीला तोंड देणं अवघड. राजानं भट्टी पेटवली तर काय करायचं ते शद्रख-मेशखांना लगेच कळलं. पण रोज सकाळ-संध्याकाळ समोर चांगलं ताट येत असेल तर?

त्या नोंदीतली खरी गोम पुढेच आहे. हमीदुद्दीनचं म्हणणं ऐकून औरंगजेबानं शाहूंना निरोप पाठवला, की तू कैदेत नाहीस, आपल्याच घरी आहेस. धूर्त माणूस. शाहूंच्या न जेवण्यात विटाळापेक्षा मोठी गोष्ट दडलेली होती. शिजलेलं अन्न नाकारणं म्हणजे मी इथे कैदी आहे असं दररोज, भांडण न करता, जाहीर करणं. पातशहानं नेमकं तेच खोडून काढायचा प्रयत्न केला. घर म्हण, म्हणजे मग जेवशील. आणि जेवलास की घर झालंच.

दानीएलाचं पुस्तक मुलांना शिकवताना मी त्यांना आणखी एक राजा दाखवते, म्हणजे चित्र एकांगी राहत नाही. त्याचं नाव यहोयाखीन. यहूदाचा राजा, १८ व्या वर्षी गादीवर बसला आणि तीनच महिन्यांत, इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये, बाबेलला कैद होऊन गेला. बायबलातच राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय, की ३७ वर्षांनी नव्या राजानं त्याला तुरुंगातून काढलं, कैद्याचे कपडे उतरवले, आणि मरेपर्यंत तो राजाच्या पंक्तीला जेवला. या जेवण्याबद्दल शास्त्रलेखक त्याला एका शब्दानं दोष देत नाही. उलट ही दिलाशाची बातमी म्हणूनच सांगतो. म्हणजे त्याच देशाच्या, त्याच राजवाड्यातल्या एकानं ताट नाकारलं आणि दुसऱ्यानं स्वीकारलं, आणि दोघांनाही एकाच धर्मग्रंथात जागा मिळाली.

या यहोयाखीनाचा तर मातीतला पुरावा आहे. रॉबर्ट कोल्डेवे या जर्मन संशोधकानं १८९९ ते १९१७ या काळात बाबेल खणलं. राजवाड्यात मातीच्या विटकुरांवर लिहिलेल्या शिधावाटपाच्या याद्या निघाल्या आणि १९३९ मध्ये एर्न्स्ट वाइडनर यांनी त्या वाचून छापल्या. इसवी सनापूर्वी ५९२ च्या एका विटकुरावर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल द्यायचं याचा हिशेब आहे. रेशनच्या दुकानातल्या नोंदवहीसारखा कोरडा हिशेब. पण त्यात कैद्याचा उल्लेख 'राजा' असाच आहे. औरंगजेबाच्या छावणीतही 'राजा शाहू'. किताब काढून घ्यायचा नाही, राज्य तेवढं काढून घ्यायचं, ही रीत अडीच हजार वर्षं जुनी म्हणायची.

दानीएल नावाचा तरुण खरोखर होऊन गेला का, हा प्रश्न मोठ्यांच्या वर्गात हमखास येतो, आणि तो टाळू नये. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते हे पुस्तक आजच्या रूपात इसवी सनापूर्वी १६५ च्या आसपास सिद्ध झालं, म्हणजे बाबेलच्या राज्यानंतर जवळजवळ पावणेचारशे वर्षांनी. तेव्हा अँटिओकस हा ग्रीक राजा यहुद्यांवर राज्य करत होता. त्यानं शब्बाथ पाळायला, सुंता करायला बंदी घातली, मंदिर भ्रष्ट केलं, आणि लोकांना डुकराचं मांस खायला भाग पाडल्याच्या हकिकती त्या काळच्या ग्रंथांत आहेत. आता पहिला अध्याय त्या लोकांच्या कानांनी ऐका. ज्यांच्या तोंडात निषिद्ध घास कोंबला जातोय त्यांना कुणीतरी सांगतंय, की आपल्यातल्या चार पोरांनी राजाचं ताट परत पाठवलं होतं. माझी श्रद्धा या माहितीनं उणी झाली नाही.

ताटावर टिकलेला धर्म पाहायला आपल्याला बाबेलला जायचीही गरज नाही. कोकणात अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायलांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं ते स्वतः सांगतात. वाचलेली सात जोडपी. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. नावं मराठी झाली, हसाजी, समाजी. आडनावं गावांची, दिवेकर, किहीमकर, पेणकर. दाविद राहाबी नावाचा यहुदी त्यांच्यात आला तेव्हा त्यानं एक परीक्षा घेतली म्हणतात. बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली, की हे आपलेच. आणि नबुखद्नेस्सरानं मंदिर जाळलं त्या दिवसाचा शोक हे लोक करतात त्याला त्यांच्या मराठीत नाव आहे बिरड्याचा सण. उपास सोडताना वालाचं बिरडं. बाबेलच्या राजाची आठवण कोकणातल्या वालाच्या दाण्यांशी बांधलेली, यापेक्षा मराठी गोष्ट कोणती असेल?

आमच्याकडेही परका दरबार काही लांबचा नव्हता. गंगापूर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. माझे आजोबा घरात मराठी, शाळेत उर्दू असे वाढले आणि म्हातारपणीही हिशेब उर्दूतच पुटपुटत. त्यांना त्याचं दुःख नव्हतं. दानीएलालाही खास्दी भाषेचं दुःख नसावं. त्याच्या पुस्तकाचा मोठा भाग तर हिब्रूत नसून अरामीत आहे. पण सरकारनं हात घातला की तटकन तुटतं अशी एखादी जागा प्रत्येकाचीच असते. १९३८ मध्ये औरंगाबादच्या कॉलेजपासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत वसतिगृहांतली मुलं प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागली, ते बंद करा असा हुकूम निघाला, आणि मुलांनी कॉलेज सोडलं पण म्हणणं सोडलं नाही. उर्दूत शिकणं त्यांना चाललं होतं. अडलं ते प्रार्थनेपाशी. नागपूर विद्यापीठानं यातल्या अनेकांना सामावून घेतलं.

आता दानीएलाच्या गोष्टीत नसलेली माणसं. शाहूंच्या गोष्टीत ती आहेत, आणि मला ती झोपू देत नाहीत.

१७०३ मध्ये औरंगजेबानं शाहूंना मुसलमान व्हायला सांगून पाहिलं. ते तयार झाले नाहीत. त्याच मे महिन्यात छावणीतल्या दुसऱ्या दोन मराठा कैद्यांनी इस्लाम स्वीकारल्याची नोंद आहे. खंडेराव आणि जगजीवन. नेसरीच्या खिंडीत सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडलेल्या प्रतापराव गुजरांचे हे मुलगे. आपली परंपरा सांगते, की झीनतुन्निसेनं रदबदली केली, शाहूंच्या बदल्यात दुसरं कुणी मोठ्या घरचं मिळालं तर पातशहा मान्य करील असं ठरलं आणि हे दोघं पुढे झाले. हा सौदा कागदावर कुणी लिहून ठेवलेला नाही. पण शाहूंचा नकार आणि गुजरांचं धर्मांतर एकाच महिन्यातलं, हे लक्षात घ्यायलाच हवं.

शब्बाथशाळेत हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो आणि मग हमखास प्रश्न येतो, "बाई, मग ते वाईट का?" माझं उत्तर स्पष्ट असतं, नाही. दानीएलाच्या गोष्टीत चौघंही खंबीर राहतात आणि चौघांनाही एका केसाचीही इजा होत नाही. पण निवडून आणलेली पोरं तर पुष्कळ होती. बाकीच्या यहुदी पोरांनी ते ताट खाल्लंच असणार. त्यांची नावं नाहीत. शाहूंच्या हकिकतीत मात्र ज्यांनी घास गिळला त्यांची नावं राहिली आहेत, आणि एकाचं सोवळं दुसऱ्याच्या गिळलेल्या घासावर उभं असू शकतं हे त्यांच्यामुळे दिसतं. निष्ठेची गोष्ट सांगताना ही बाजू आपण झाकून ठेवतो.

फेब्रुवारी १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला आणि आमच्या शेजारच्या खुलदाबादेत त्याला पुरलं. आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे धावला, शाहूंना बरोबर घेऊन. नर्मदेपलीकडे दोराह्याला मे महिन्यात त्यांना सोडलं, आई येसूबाई आणि बाकी कबिला मात्र ओलीस ठेवून घेतला. येसूबाई परत आल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथानं दिल्लीहून आणल्या तेव्हा. त्यांची कैद ३० वर्षांची. सात वर्षांच्या पोराला कैदेत काय खायचं आणि काय नाही हे शिकवलं कुणी, याचा विचार केला तर या सगळ्या गोष्टीचा नायक बदलायला लागतो.

दक्षिणेत परतल्यावर शाहू खुलदाबादेला औरंगजेबाच्या कबरीवर जाऊन आले. बापाच्या मारेकऱ्याची कबर. पुष्कळांना हे अजून पचत नाही. आमच्याकडून लासूर स्टेशनमार्गे तिथे जाता येतं. मी गेले आहे. उघड्यावरची साधी कबर, वर माती, मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या काळातली. तिथे उभं राहून मला शाहूंचं वागणं विचित्र वाटलं नाही. १८ वर्षं ज्याच्या आवारात काढली त्याला मातीपाशी जाऊन निरोप देण्यानं काही गहाण पडत नाही. ताट नाकारणारा माणूस सगळंच नाकारतो असं थोडंच आहे? पुढे गादीवर बसल्यावरही शाहूंनी मोगली अदब पाळली, पातशहाचं नाव राखलं, आणि त्याच पातशाहीकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा मिळवल्या.

दोराह्याहून येतानाचाच एक प्रसंग आहे. औरंगाबाद भागातल्या पारद गावच्या पाटलानं, सयाजी लोखंड्यानं, शाहूंच्या लोकांशी झुंज दिली आणि तो मारला गेला. त्याच्या विधवेनं लहान मुलाला, राणोजीला, शाहूंच्या पायांवर घातलं. शाहूंनी पोराला उचललं, बरोबर नेलं, राजवाड्यात वाढवलं. नाव बदलून फत्तेसिंह ठेवलं, आडनाव दिलं भोसले. हा अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळ पुरुष. त्याचा बाप शाहूंच्याच माणसांनी मारला होता. तो पोर शाहूंच्या पंक्तीला जेवला, राजाचा मुलगा म्हणून वाढला, त्यांच्या फौजा घेऊन लढला. आणि दानीएलानं बाबेलात वर चढल्यावर राजाकडे शब्द टाकून आपल्या तीन सोबत्यांना कारभार मिळवून दिला होता, तसं सातारकर झालेल्या शाहूंनी खंडेराव गुजरांना साताऱ्याच्या बाजूची गावं इनाम लावून दिली.